जुन्या कंबरदुखीत उपचार कसा निवडावा: नव्या फिजिओथेरपिस्टसाठी

पदवी आणि आंतरवासिता संपवून नुकत्याच कामाला लागलेल्या फिजिओथेरपिस्टकडे पहिल्याच आठवड्यात हमखास येणारा रुग्ण जुन्या कंबरदुखीचा असतो. त्याच्या हातात एमआरआयची मोठी पिशवी असते, तोंडी ‘गादी सरकली आहे’ किंवा ‘मणक्यात गॅप आला आहे’ हे निदान असते आणि चिठ्ठीवर शेक, आयएफटी (इंटरफेरेन्शिअल, म्हणजे विजेच्या सौम्य प्रवाहाचा उपचार), ट्रॅक्शन (यंत्राने कंबर ताणणे) अशी दहा दिवसांची यादी असते. यादी तयारच असल्यामुळे आपल्याला निवडण्यासारखे काही उरलेच नाही, असे नवख्याला वाटते. मलाही सुरुवातीची दोन वर्षे तसेच वाटत होते. रुग्ण दहा दिवस येत, अकराव्या दिवशी बरे वाटते म्हणत आणि तीन महिन्यांनी तीच पिशवी घेऊन परत येत.

या लेखात बारा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या कंबरदुखीचाच विचार केला आहे. अशा दुखण्यात उपचार एमआरआयच्या चित्रावरून निवडायचा नसतो. रुग्णाचे कोणते काम अडले आहे आणि ते कशामुळे अडून राहिले आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून तो निवडायचा असतो. ही उत्तरे कोणत्या क्रमाने शोधावीत, ते पुढे दिले आहे.

पहिली पायरी: हा रुग्ण आपल्याकडे ठेवायचा की पुढे पाठवायचा

कंबरदुखीच्या सुमारे ८५ ते ९० टक्के रुग्णांत एखादी ठरावीक रचना बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि अशा दुखण्याला अविशिष्ट कंबरदुखी म्हणतात. उरलेल्यांमध्ये नसेचे दुखणे येते आणि अगदी थोड्यांमध्ये गंभीर आजार असतो. या थोड्यांना ओळखणे हे पहिले काम आहे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या व गुदद्वाराभोवतीच्या भागात बधिरपणा येणे, दोन्ही पायांतली ताकद कमी होणे, यांपैकी काही नव्याने सुरू झाले असेल तर ती कॉडा इक्विनाची, म्हणजे मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगा दाबला गेल्याची शंका समजावी आणि रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. हे प्रश्न विचारताना संकोच आड येतो, विशेषतः समोर वयाने मोठी बाई आणि विचारणारा तरुण मुलगा असेल तेव्हा. तरीही ते सरळ विचारावेत आणि उत्तर कागदावर लिहून ठेवावे.

आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. संध्याकाळचा बारीक ताप, घटलेले वजन, रात्रीही न थांबणारी वेदना आणि पाठीच्या एका मणक्यावर ठोकले की उमटणारी ठणक हे सारे एकत्र दिसले, तर शेक देत बसू नये. कर्करोगाचा पूर्वेतिहास, दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड आणि वयस्कर बाईला साध्या धक्क्यानंतर सुरू झालेले दुखणे याही पुढे पाठवण्याच्या जागा आहेत. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक ताठरपणा आणणारी, पहाटे झोपेतून उठवणारी आणि विश्रांतीपेक्षा हालचालीने कमी होणारी कंबरदुखी असेल, तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या (मणका ताठर करणाऱ्या संधिवाताच्या) शक्यतेने संधिवाततज्ज्ञांचे मत घ्यावे. असे रुग्ण अनेक वर्षे ‘मसल स्पाझम’ या नावाखाली उपचार घेत राहतात.

मात्र या यादीतले एखादेच लक्षण दिसले म्हणून घाबरून जाऊ नये. ऑस्ट्रेलियात नव्या कंबरदुखीसाठी आलेल्या ११७२ रुग्णांच्या २००९ मधील अभ्यासात सुमारे ८० टक्के रुग्णांत धोक्याची किमान एक खूण होती, आणि गंभीर आजार निघाला तो ११ जणांत. त्यामुळे सुटी खूण पाहून घाई करण्यापेक्षा खुणांचा जमाव आणि दुखण्याची वाटचाल पाहावी.

दुसरी पायरी: पायाचे दुखणे वेगळे काढा

गुडघ्याखाली उतरणारी, कंबरेपेक्षा पायातच जास्त असणारी वेदना नसेची असू शकते. पाय सरळ ठेवून उचलण्याची चाचणी घ्यावी. टाचांवर व चवड्यांवर चालायला सांगावे, अंगठा वर ओढण्याची ताकद, गुडघ्याची व घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि त्वचेची संवेदना तपासावी. या सगळ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत, आणि पुढच्या भेटीत तुलना करायला हीच नोंद कामी येते. ताकद वाढत्या प्रमाणात कमी होत असेल तर शस्त्रक्रियातज्ज्ञांकडे लगेच पाठवावे. ताकद टिकून असेल तर बहुतेकांना काळ आणि हालचाल यांनी आराम पडतो. बाहेर आलेली गादी अनेकदा शरीरातच आक्रसून जाते, हे रुग्णाला आवर्जून सांगावे.

साठीच्या पुढचा रुग्ण ‘थोडे चालले की पाय भरून येतात, बसले की बरे वाटते, सायकल मात्र कितीही चालवता येते’ असे म्हणाला, तर मणक्याची नलिका अरुंद झाल्याचा विचार करावा. पुढे वाकल्याने त्या नलिकेतली जागा थोडी वाढते, म्हणून अशांसाठी स्थिर सायकल, वाकण्याकडे कल असलेले व्यायाम आणि टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत चालणे निवडले जाते. पायातील रक्तपुरवठा कमी असला तरी जवळपास हीच तक्रार होते, त्यामुळे पावलावरची नाडी पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

तिसरी पायरी: एमआरआय वाचा, पण रुग्ण तपासून झाल्यावर

कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये गादीची झीज दिसली, आणि ऐंशीच्या घरातल्या लोकांमध्ये ती ९६ टक्के होती. फुगलेली गादी विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांत होती. म्हणजे पन्नाशीच्या रुग्णाच्या अहवालात ‘एल-४ एल-५ बल्ज’ (कंबरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली) असणे हे केस पिकल्यासारखे आहे. अहवाल निरर्थक असतो, असा याचा अर्थ नाही. चित्रात दिसणारी बाजू व पातळी तपासणीतल्या खुणांशी जुळत असेल तर तो फार उपयोगी पडतो.

रुग्णाशी बोलताना मात्र तोल सांभाळावा लागतो. ‘यात काही नाही’ म्हटले की त्याला आपल्या दुखण्यावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. मी साधारण असे म्हणतो: “काका, तुमचं दुखणं खरं आहे. पण या फोटोत जे दिसतंय, ते तुमच्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसांतही दिसतं. त्यामुळे फोटो बदलायची वाट न बघता आपल्याला कंबर कामाला लावता येईल.”

चौथी पायरी: दुखणे टिकवून धरणारे काय आहे

स्कॉटलंडमधले अस्थिरोगतज्ज्ञ गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ साली कंबरदुखीकडे केवळ ऊतींची इजा म्हणून न पाहता शरीर, मन आणि परिस्थिती यांचा एकत्र विचार करण्याची मांडणी केली. अभ्यासक्रमात तिच्यावर प्रश्न येतो, उत्तर लिहिले जाते आणि दवाखान्यात ती विसरली जाते. तिचा उपयोग करायचा म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. उदाहरण एका व्यक्तीचे नाही. अनेक रुग्णांवरून जुळवलेले आहे.

समजा, लासलगाव भागातली ५२ वर्षांची बाई आहे. कांदालागवडीच्या टोळीत रोजाने जाते. दोन वर्षांपूर्वी पोते उचलताना कंबर धरली, चित्रात बल्ज निघाला, आणि तिला ‘वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, वजन उचलायचं नाही’ असे सांगण्यात आले. तिने ते तंतोतंत पाळले. आता ती दिवसभर पट्टा बांधते, खुर्चीवर बसते, घरातली खालची कामे सून करते आणि रोज बुडाला आहे. तपासणीत नसेची एकही खूण नाही. पुढे वाकताना ती श्वास रोखून हात मांड्यांवर टेकवत उतरते आणि गुडघ्यांशीच थांबते. तेच वाकणे सावकाश दहादा करायला लावले, की सुरुवातीचा ताठरपणा कमी होतो आणि हात नडगीपर्यंत पोहोचतात.

या बाईचे काम अडवणारी गोष्ट गादी आहे का? ती वाकायला घाबरते, न वाकल्याने पाठ व पाय अशक्त झाले आहेत, आणि अशक्त पाठ जरा वाकली की दुखते, म्हणून भीती पक्की होते. हे चक्र सापडले की उपचार जवळजवळ ठरल्यातच जमा असतो.

ते शोधण्यासाठी काही प्रश्न उपयोगी पडतात. कंबर कशामुळे दुखते असे तुम्हाला स्वतःला वाटते? वाकलात तर काय होईल याची भीती आहे? दुखणे सुरू झाल्यापासून काय काय सोडले? रात्री झोप कशी लागते? घरात व कामावर लोक काय म्हणतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये. मोजमाप हवे असेल तर इंग्लंडमधील कील विद्यापीठात तयार झालेली स्टार्ट बॅक ही नऊ प्रश्नांची चाळणी आहे. एकूण गुण तीन किंवा कमी असतील तर धोका कमी. त्यातले शेवटचे पाच प्रश्न भीती, चिंता, निराशा यांसंबंधीचे आहेत आणि त्या पाचांत चार वा अधिक गुण पडले तर धोका जास्त समजला जातो. उरलेले मध्यम गटात येतात. कमी धोक्याच्या रुग्णाला समजावणे, घरचा व्यायाम आणि एखादी फेरभेट पुरते, तर जास्त धोक्याच्या रुग्णाला नुसता व्यायामाचा कागद देणे म्हणजे वेळ घालवणे आहे. या चाळणीतले विषय साध्या गप्पांतही काढता येतात, मात्र तसे केले तर गुण लिहू नयेत.

पाचवी पायरी: ध्येय रुग्णाच्या शब्दांत लिहा

‘वेदना कमी करणे, ताकद वाढवणे’ हे कोणत्याही फाइलवर खपणारे ध्येय आहे, म्हणून ते निरुपयोगी आहे. आपल्या उदाहरणातल्या बाईसाठी ध्येय असे लिहावे: लागवडीच्या वेळी अर्धा दिवस टोळीत जाणे, आणि त्याआधी घरात उकिडवे बसून भांडी घासता येणे. एसटीच्या चालकासाठी ते सलग चार तास गाडी चालवणे असेल, हिंजवडीतल्या अभियंत्यासाठी मुलाला कडेवर घेणे असेल. रुग्णाने तीन कामे निवडावीत आणि प्रत्येक काम आज किती जमते याला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. सोबत ऑस्वेस्ट्री ही कंबरदुखीमुळे रोजची कामे किती अडतात ते शंभरापैकी मोजणारी प्रश्नावली भरून घ्यावी; तिच्यात साधारण १० गुणांची घट झाली तर सुधारणा रुग्णाला जाणवण्याइतकी समजतात. वेदनेच्या शून्य ते दहाच्या पट्टीवर दोन गुणांचा फरक तसा धरतात. उपचार सुरू करण्याआधी हे आकडे लिहिलेले नसतील, तर महिन्याने आपण रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधत बसतो.

सहावी पायरी: व्यायाम कोणता, किती आणि कोणासाठी

जुन्या कंबरदुखीवर व्यायामाचा परिणाम होतो, पण तो चमत्कार नव्हे. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ मधील आढाव्यात २४९ चाचण्या तपासल्या होत्या. काहीच उपचार न घेणाऱ्या, नेहमीचे उपचार घेणाऱ्या किंवा नकली उपचार मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांची वेदना शंभराच्या पट्टीवर सरासरी १५ गुणांनी कमी झाली. कोणता व्यायाम सर्वांत चांगला, या प्रश्नावर मात्र पंथ तयार झाले आहेत. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी कंबरदुखी असलेल्यांत पोटाचा सर्वांत आतला स्नायू उशिरा कामाला लागतो असे दाखवले, आणि पुढे जगभर ‘पोट आत ओढून धरा’ हा मंत्र झाला. नंतरच्या चाचण्यांत हे व्यायाम इतर व्यायामांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत. आपल्या उदाहरणातल्या बाईसारखी आधीच पाठ आवळून वागणारी माणसे त्या मंत्राने आणखी आवळली जातात, असे मी पाहिले आहे.

म्हणून निवड अशी करावी. एखाद्या दिशेने वारंवार हालचाल केल्यावर पायातली वेदना वर कंबरेकडे सरकत असेल किंवा कमी होत असेल, तर त्या दिशेचा व्यायाम आधी द्यावा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्या पद्धतीचा गाभा हाच आहे. हालचाल भीतीने आखडली असेल तर तीच हालचाल सोप्या स्थितीतून सुरू करून वाढवावी. शरीर एकूणच कमजोर असेल तर पाय, नितंब व पाठ यांना वजन लावून ताकदीचे व्यायाम द्यावेत. दिवसभर बसून असणाऱ्याला चालणे आणि अधूनमधून उठणे द्यावे. कोणी आधीच योगवर्गाला जात असेल तर त्याला तेथून काढून आपल्या चटईवर आणण्याचे कारण नाही. दोन-चार आसनांत बदल सुचवणे पुरते. रुग्ण करील तोच व्यायाम चांगला, हे ऐकायला पळवाट वाटते, पण प्रकारांमधला फरक लहान असताना सातत्याचे वजन खरोखरच जास्त असते.

मात्रा औषधासारखीच लिहावी. उदाहरणातल्या बाईला पहिल्या आठवड्यात स्टुलावर बसून श्वास सोडत पुढे वाकणे दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि दहा मिनिटे चालणे एवढेच द्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खिडकीचे गज धरून उकिडवे बसणे आणि पाच किलोच्या पिशवीने वाकून उचलण्याचा सराव, आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. पट्टा आधी घरात सोडायचा, मग बाहेर. सहाव्या आठवड्यापर्यंत वजन दहा-बारा किलोवर आणि वाकून काम करण्याची वेळ पाच मिनिटांवरून वीस मिनिटांवर न्यावी. व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालेल, पण वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत उतरले पाहिजे. न उतरल्यास व्यायाम बंद न करता मात्रा एक पायरी खाली आणावी. “काकू, दुखलं म्हणजे काही तुटलं असं नाही” हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले, तर तिसऱ्या दिवशीचा घाबरा फोन टळतो.

सातवी पायरी: हात, यंत्रे आणि पट्टा

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रौढांच्या जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत शिक्षण, व्यायाम, मणक्यावरील हस्तोपचार, मसाज आणि वर्तनोपचार यांना अनुकूलता आहे. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स (त्वचेवरून दिला जाणारा विजेचा सौम्य प्रवाह) आणि कमरेचे पट्टे नेहमीच्या वापरासाठी सुचवलेले नाहीत. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०१६ सालीच या यादीत इंटरफेरेन्शिअलही घातले होते, आणि हस्तोपचार द्यायचे तर व्यायामासोबतच द्यावेत असे म्हटले होते. आपल्या दवाखान्यांची कमाई नेमक्या याच यंत्रांवर उभी आहे, ही गोष्ट नव्या मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही.

मग चिठ्ठीवर ट्रॅक्शन लिहिले असेल तर काय करावे? डॉक्टरांशी रुग्णासमोर वाद घालू नये. तपासणीतल्या नोंदी आणि आपली योजना चार ओळींत लिहून पाठवावी. बहुतेक डॉक्टरांना ट्रॅक्शनपेक्षा रुग्ण कामावर परतण्यात रस असतो आणि ते मान्य करतात. शेक तात्पुरता आराम देतो, तो गरम पाण्याच्या पिशवीने घरीही घेता येतो, मग त्यासाठी सिन्नरहून नाशिकला रोज यायला लावू नये. हस्तोपचारांचा मी वापर करतो, पण एका अटीवर: हातांनी मिळालेली मोकळीक त्याच भेटीत हालचालीत उतरली पाहिजे. दहा मिनिटे हात लावला, लगेच वाकायला लावले, आणि ते वाकणे घरी न्यायला दिले. आणि ‘मणका सरकला होता, तो बसवला’ असे कधीही म्हणू नये. ते खरे नसते, आणि रुग्ण दर महिन्याला मणका बसवून घ्यायला येत राहतो.

आठवी पायरी: भीती मोठी असेल तेव्हा

काही रुग्णांचे तीन एमआरआय झालेले असतात, झोप गेलेली असते, नोकरी धोक्यात असते आणि प्रत्येक हालचालीआधी ते मनात परवानगी मागतात. ऑस्ट्रेलियात पर्थ व सिडनी येथे ४९२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टनी सात भेटींपर्यंत रुग्णाची वेदनेची समज, घाबरवणारी नेमकी हालचाल आणि जीवनशैली यांवर एकत्र काम केले. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत या रुग्णांची कामे करण्याची क्षमता बरीच सुधारली आणि तो फरक वर्षभर टिकला. त्यासाठी यंत्र लागले नाही, पण वेळ व प्रशिक्षण लागले. इतक्या गुंतागुंतीचा रुग्ण एकट्याने ओढत बसू नये. नैराश्य स्पष्ट दिसत असेल किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून द्यावी.

नववी पायरी: चौथ्या आठवड्याची फेरतपासणी

पहिल्या दिवशीचे आकडे चौथ्या आठवड्यात समोर ठेवावेत. काम वाढले पण वेदना तेवढीच असेल तर योजना चुकलेली नाही, ती पुढे न्यावी. दोन्ही जागचे हलले नसेल तर व्यायाम बदलण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: रुग्ण तो करतो आहे का, मात्रा पुरेशी आहे का, आणि पहिल्या तीन पायऱ्यांत काही सुटले आहे का. नवखा माणूस थेट नवे तंत्र शोधू लागतो. माझ्या अनुभवात चूक बहुतेक वेळा पहिल्या दोन गोष्टींतच सापडते. सहा ते आठ आठवड्यांत काहीच फरक नसेल तर वरिष्ठांचे किंवा डॉक्टरांचे मत घ्यावे.

जुनी कंबरदुखी पुन्हा डोके वर काढते, हे निरोपाच्या भेटीत सांगितलेच पाहिजे. ऑस्ट्रेलियातील ७०१ जणांच्या २०२४ मधील चाचणीत, नुकत्याच बऱ्या झालेल्यांना चालण्याचा वैयक्तिक कार्यक्रम आणि शिक्षण दिले, तेव्हा काम अडवणारे दुखणे परत येण्याचा मध्यक काळ ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला. म्हणून शेवटच्या भेटीत रुग्णाच्या हाती एकच कागद द्यावा. त्यावर आठवड्यातून किती दिवस आणि किती मिनिटे चालायचे, कोणते दोन व्यायाम कायम ठेवायचे, उसण भरली तर पहिले तीन दिवस मात्रा किती कमी करायची, आणि लघवी अडली, पाय लुळा पडू लागला किंवा ताप आला तर आपल्याकडे न येता सरळ रुग्णालयात जायचे, हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. रुग्णाला वाचता येत नसेल तर चित्रे काढावीत आणि सोबत आलेल्या सुनेकडून ते एकदा म्हणून घ्यावे.